सीट आधी ब्रेकला लावा, मग पाठीला

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताईंची उंची ४ फूट ११ इंच, यजमानांची ५ फूट १०. दोघांत एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली आहे आणि दोघंही चालवतात. तासभर चालवलं की ताईंची कंबर आणि डावा गुडघा भरून येतो. उशी घेऊन बसलं तर समोरचं बरं दिसतं, पण पाय नीट टेकत नाहीत. मागच्या सीटवर तीन वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीवाल्या सासूबाई असतात. सीट नक्की कशी लावायची, उशी चालते का आणि मुलाला कुठे बसवायचं, हे त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी ती उशी काढा. का ते पुढे येईलच.

साताऱ्यात चोवीस वर्षं मी गाडी शिकवतो. नवा माणूस पहिल्या दिवशी ड्रायव्हर सीटवर बसला की काही न शिकवता मी एवढंच म्हणतो, "सीट लावून घ्या." दहातले नऊ जण पाठीला विचारून सीट लावतात. पाठ टेकली, हात स्टिअरिंगला पोचले, "हं, झालं सर." मग मी म्हणतो, "आता समोर म्हैस आली. दाबा ब्रेक, जीव खाऊन." तेव्हा गंमत दिसते. पाय काठीसारखा ताठ होतो, बूड सीटवरून पुढे घसरतं, पाठ सुटते आणि ब्रेकवर फक्त बोटं टेकतात. सोफ्यावर बसायला ती सीट छान लागली होती, गाडी थांबवायला नाही.

म्हणून माझ्याकडे सीट पायापासून वर लावतात. आधी पाय, मग कंबर, मग पाठ, मग हात, मग डोकं आणि सगळ्यात शेवटी आरसे. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक पुढची गोष्ट मागची बिघडवते. आरसे आधी लावून मग सीट दोन खाचा पुढे घेतली, तर आरशात मागचा रस्ता नीट दिसेनासा होतो.

गाडी सपाट जागेवर उभी करा, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चालू ठेवा. बंद गाडीत सीट लावू नका, कारण इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीनदा दाबला की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. त्या दगडावर सीट मापली की अंदाज चुकतो.

आता बूड पार मागे, सीट आणि पाठ मिळतात त्या खाचेत टेकवा. तिथे चार बोटांची पोकळी राहिली तर पुढचं सगळं फुकट. मागच्या खिशातलं पाकीट आणि मोबाईल काढून ठेवा. एका बाजूला अर्धा इंच उंच बसून तासभर गाडी चालवली तर कंबर तक्रार करणारच. तसंच बसून क्लच तळाला टेकेपर्यंत दाबा. तळाला टेकल्यावरही डावा गुडघा थोडा वाकलेला हवा. ताठ झाला तर सीट एक खाच पुढे. उलट, क्लच सोडताना गुडघा स्टिअरिंगच्या खाली आपटत असेल तर एक खाच मागे. मग हीच परीक्षा उजव्या पायाने, ब्रेकवर. टाच जमिनीवर, चवडा पेडलच्या मधोमध, आणि जोरात दाबताना पाठ सीटवरून उठता कामा नये. ही कसोटी पास झाली की पाया पक्का.

अचानक ब्रेक मारायची वेळ येते तेव्हा पेडल जोरात दाबून तसंच धरून ठेवावं लागतं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीतही तेच. पेडल पायाखाली थरथरतं म्हणून सोडायचं नसतं. ती ताकद वाकलेल्या गुडघ्यातून येते, ताठ पायातून नाही. शिवाय ताठ पायाने ब्रेकवर उभं असताना धडक बसली तर तो धक्का थेट खुब्यापर्यंत जातो.

तुमच्या डाव्या गुडघ्याचं कारण मला बहुतेक इथेच दिसतं. सीट लांब असेल तर प्रत्येक क्लचला पाय ताणला जातो. फार जवळ असेल तर प्रत्येक वेळी अख्खी मांडी उचलावी लागते. तिसरं कारण म्हणजे सवय: गिअर टाकून झाल्यावरही डावा पाय क्लचवर अधांतरी ठेवणं. क्लचच्या डावीकडे पाय टेकायला जागा असते, काही गाड्यांत तिथे रबरी पट्टाही असतो. गिअर पडला की पाय तिकडे गेला पाहिजे. गुडघाही वाचतो आणि क्लचप्लेटही.

आता उंची. ड्रायव्हर सीटच्या दाराकडच्या बाजूला दोन लिव्हर दिसले, तर सहसा त्यातला पंपासारखा वरखाली होणारा उंचीचा आणि दुसरा पाठ कलती करण्याचा. बेस मॉडेलमध्ये उंचीचा लिव्हर बहुधा नसतोच, आणि मला वाटतं तुमची अडचण तीच आहे. असेल तर सीट इतकी वर घ्या की स्टिअरिंगच्या वरच्या कडेवरून रस्ता निवांत दिसेल आणि डोकं व छत यांच्यात एक मूठ उभी मावेल. सीट वर घेताना बऱ्याच गाड्यांत ती थोडी पुढेही सरकते, म्हणून उंची बदलल्यावर क्लचची परीक्षा पुन्हा द्या.

बॉनेट दिसण्याचा हट्ट मात्र सोडा. प्रीमियर पद्मिनीत बॉनेट टेबलासारखं समोर पसरलेलं असायचं. आजच्या हॅचबॅकचं नाक इतकं उतरतं आहे की सहा फुटी माणसालाही ते नीट दिसत नाही. बॉनेट बघायला माझ्या विद्यार्थिनी मान ताणून, पाठ सोडून, स्टिअरिंगला मिठी मारून बसतात. त्यावर माझा उपाय म्हणजे खडू. गाडीच्या नाकाखाली जमिनीवर रेघ मारतो, मग त्यांना सीटवर बसवून गाडी हळूहळू मागे घ्यायला लावतो. ज्या क्षणी रेघ दिसायला लागते, तिथे थांबवून खाली उतरवतो आणि नाकापासून रेघेपर्यंत पावलं मोजायला लावतो. समोरची किती जमीन आपल्याला दिसत नाही हे एकदा पायाने मोजलं की बॉनेटची आठवणही येत नाही.

आता उशीचं. मऊ उशीवर तीन गोष्टी घडतात. पाय उचलले जातात, टाच जमिनीवरून सुटते आणि ब्रेकचा जोर जातो. हे तुम्हाला आधीच जाणवलं आहे. दुसरं, रेक्झिनच्या कव्हरवर उशी सरकते, तीही नेमकी ब्रेक मारताना. तिसरं दिसत नाही पण सगळ्यात वाईट: धडकेत उशी दबते, शरीर खाली आणि पुढे जातं, आणि कमरेवरचा पट्टा खुब्याच्या हाडावरून निसटून पोटावर चढतो. हाड मार सोसतं, आतडी सोसत नाहीत. लाकडी मण्यांच्या आसनावर हीच घसरण होते. टॅक्सीवाल्यांना ते उकाड्यात बरं वाटतं हे मला माहीत आहे, तरी मी ते सांगणार नाही.

उंचीचा लिव्हर नसेल तर चांगला मार्ग म्हणजे कुशनवाल्याकडून ड्रायव्हर सीटच्या आतच घट्ट फोमचा इंच-दीड इंच थर भरून घेणं. वरून कव्हर तेच, त्यामुळे सरकायचा प्रश्न नाही. दोन ठिकाणी मात्र सुरी लावू देऊ नका. सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी शिवलेली असेल ती सीट, आणि ड्रायव्हरशेजारची सीट, कारण तिथे बऱ्याच गाड्यांत कुणी बसलं आहे का हे ओळखणारा सेन्सर असतो. फोम भरल्यावर टाच जमिनीला टेकते का ते पुन्हा बघा. टेकत नसेल तर थर कमी करा. दिसणं आणि ब्रेक यांत निवड करायची वेळ आली तर ब्रेकच्या बाजूने उभे राहा, दिसण्याचे इतर उपाय निघतात.

पाठ. दोन्ही खांदे सीटला टेकवून हात सरळ पुढे करा. मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. बोटंच टेकली तर पाठ फार कलती आहे. कोपर अजून वाकलेलं असेल तर फार उभी. मनगटाची ही खूण पटली की घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी हात ठेवल्यावर कोपरं आपोआप वाकलेली राहतात. तुमचे यजमान कसे बसतात मला माहीत नाही, पण ५ फूट १० वाले पुरुष मी खूप पाहिलेत: सीट आडवी, एक हात स्टिअरिंगच्या माथ्यावर, दुसरा खिडकीत. दिसायला हिरो. खरं तर पाठीचा वरचा भाग हवेत असतो, मान पुढे काढून रस्ता बघावा लागतो आणि संध्याकाळी "मान आखडली" म्हणून बायकोकडे बाम मागतात.

कमरेच्या बाकाला आधार कमी पडत असेल तर नॅपकिनची मनगटाएवढी जाड वळकटी करून पँटच्या पट्ट्याच्या उंचीवर आडवी ठेवा. याहून जाड नको. दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर ते सीटचं काम नाही, डॉक्टरांना दाखवा.

आता एक माप, जे कमी उंचीच्या माणसांनी टेपनेच घ्यावं. स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत किमान २५ सेंटीमीटर अंतर हवं. जुन्या मापात एक वीत आणि वर दोन बोटं, पण तुमची वीत लहान असेल म्हणून टेप म्हणालो. स्टिअरिंगच्या त्या मधल्या झाकणाखाली एअरबॅग असते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत ती फुगते. फुगून झालेल्या पिशवीवर आदळणं वेगळं आणि फुगत असलेल्या पिशवीचा ठोसा खाणं वेगळं. अंतर त्यासाठी. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. गाडी त्याआधीची असेल तर आहे की नाही ते स्टिअरिंगवर बघा. तिथे 'एसआरएस' अशी अक्षरं असतील. त्यातल्या पहिल्या 'एस'चा अर्थ 'पूरक' असा आहे. मुख्य काम बेल्टचं, पिशवी त्याच्या जोडीला.

क्लच दाबायला पुढे जावं लागतं आणि छातीसाठी मागे, अशी ओढाताण ४ फूट ११ ला होणारच. तेव्हा पाय आहे तिथेच ठेवून पाठ एक-दोन खाचा कलती करा आणि स्टिअरिंग वरखाली होत असेल तर थोडं खाली घ्या, म्हणजे त्याचं तोंड चेहऱ्याकडे न राहता छातीकडे राहील. काही गाड्यांत ते आतबाहेरही होतं. तसं असेल तर डॅशबोर्डकडे ढकला. या दोन युक्त्यांत बहुतेकांचे २५ सेंटीमीटर भरतात.

हेडरेस्टला आपण डोकं टेकायची जागा समजतो. गाडीच्या पुस्तकात त्याला 'हेड रिस्ट्रेंट' म्हटलेलं असतं, म्हणजे डोकं आवरणारं. मागून कुणी ठोकलं, आणि टोलनाक्यावर किंवा सिग्नलला हे रोजचंच, की सीट तुमच्या धडाला पुढे ढकलते आणि डोकं जागच्या जागी मागे राहतं. मान चाबकासारखी वाकते. ते थांबवायला हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याशी, निदान कानाच्या वर हवी, आणि डोक्यामागची फट दोन बोटांहून फार मोठी नको. ती मानेच्या उंचीवर असेल तर उलट टेकूसारखी मान मोडायला मदत करते. यजमान बसले की त्यांनी ती उचलायची, तुम्ही बसलात की खाली.

यात एक अडचण पुस्तकात कुठे सापडणार नाही. अंबाडा. मागे घट्ट अंबाडा किंवा क्लचर लावून बसलं की डोकं हेडरेस्टपासून चार बोटं लांब राहतं आणि हनुवटी खाली जाते. बऱ्याच बायका मग हेडरेस्टच काढून डिकीत टाकतात. तसं करू नका. गाडी चालवताना अंबाडा थोडा वर बांधा किंवा खाली सैल वेणी घाला. लग्नाला जाताना गजरा चेपेल हे मान्य, पण तिथे पोचून माळता येतो.

बेल्ट लावताना कमरेची पट्टी पोटावर नाही, खाली खुब्याच्या दोन्ही हाडांवर सपाट बसवा आणि खांद्याची पट्टी वर ओढून ढिलेपणा काढा. वरची पट्टी खांद्याच्या मधोमध, गळपट्टीच्या हाडावरून जावी. तुमच्या उंचीला ती मानेला घासत असेल. दाराशेजारच्या खांबावर बेल्टची जागा खाली करायचं बटण असेल तर ते वापरा. मानेला घासते म्हणून पट्टी काखेखालून घेणं हा प्रकार मी रोज पाहतो. तसं केलं तर धडकेत सगळा मार बरगड्यांवर जातो. साडीवर बेल्ट लावताना निऱ्यांचा पुडका पट्टीखाली गोळा होऊ देऊ नका, पदर पट्टीच्या वरून घ्या. गरोदरपणातही बेल्ट लावायचाच, फक्त कमरेची पट्टी पोटाखालून.

बेल्ट लावला नाही की वाजणारी टिंगटिंग बंद करायला बकलमध्ये खोचायची नुसती चिमटी तुमच्या सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने ठेवली असेल तर फेकून द्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना या चिमट्या विकणं बंद करायला लावलं.

जुन्या गाडीचा विषय निघालाच आहे तर तीन गोष्टी आजच तपासा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलेला राहिला तर बिघाड. मुळीच पेटला नाही तर जास्त संशय घ्या. फुटलेली एअरबॅग न बदलता दिव्याची वायर काढून गाडी विकणारे असतात. मग प्रत्येक बेल्ट पूर्ण बाहेर ओढून दोरे उसवलेत का बघा आणि शेवटी एक झटका द्या. झटक्याला तो जागीच अडकला पाहिजे.

तिसरी गोष्ट सीटची रूळपट्टी. सीटखालचा दांडा उचलून सीट सरकवली की ती दोन्ही बाजूंच्या खाचांत 'टक' करून बसायला हवी. पुष्कळदा एकच बाजू बसते. बसणाऱ्याला कळत नाही, कारण सपाट रस्त्यावर काही होत नाही. एकदा यवतेश्वरच्या घाटात एका विद्यार्थ्याला चढावर गाडी उभी करून पुन्हा उचलायला सांगितली. त्याने क्लच जोरात दाबला आणि सीट सर्रकन मागे गेली. दोन्ही पाय पेडलवरून सुटले, हात स्टिअरिंगला लोंबकळले आणि गाडी मागे यायला लागली. माझ्या बाजूचा ब्रेक होता म्हणून हा किस्सा झाला. नंतर रूळपट्टीत पाहिलं तर एक रुपयाचं नाणं अडकलेलं. तेव्हापासून माझ्या क्लासचा नियम असा: सीट सरकवली की दांडा सोडायचा आणि कमरेने सीटला पुढे-मागे दोन हिसके द्यायचे. तुम्ही आणि यजमान आलटून पालटून चालवता, म्हणजे तुमची सीट दिवसातून दोनदा सरकते. तुम्हाला तर हे हिसके हवेतच. आणि चालत्या गाडीत दांड्याला हात लावायचा नाही, सिग्नलला थांबलात तरी नाही.

दर वेळी नव्याने शोधाशोध नको असेल तर एकदा सगळं जमल्यावर खाचा मोजून ठेवा. सीट पार मागे टोकाला न्या आणि तिथून पुढे आणताना 'टक-टक' मोजा. समजा तुमच्या अकरा आल्या, यजमानांच्या चार. आकडा लक्षात राहतो. सीटची स्मरणशक्ती असलेल्या महागड्या गाड्या जे बटणाने करतात ते आपण मोजून करतो.

सीटखाली पाण्याची बाटली ठेवत असाल तर ती दारातल्या कप्प्यात हलवा. घाटउतारावर घरंगळून ब्रेकखाली गेलेली बाटली मी स्वतः बोटांनी ओढून काढली आहे. एकावर एक दोन मॅट टाकू नका, तेही त्याच कारणाने.

आता मागची सीट. आपल्याकडे अजून समज आहे की मागे बेल्टची गरज नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघंही गेले, दोघांनीही बेल्ट लावलेले नव्हते. पुढचे दोघं जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती, पण बेल्ट न लावलेल्या माणसाला तिचाही उपयोग झाला नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीला थांबली तर आतला माणूस साधारण दहा मीटर उंचीवरून पडल्याच्या वेगाने पुढच्या गोष्टीवर आदळतो. मागच्याच्या बाबतीत ती पुढची गोष्ट म्हणजे तुमची सीट आणि तुम्ही. कायद्यानेही मागच्यांना बेल्ट बंधनकारक आहे, दंड १००० रुपये.

तुमच्या मागच्या सीटवर बेल्टच्या बकला वर दिसतात का? सीट कव्हर बसवणारे बहुतेक वेळा त्या कव्हरखाली गाडून टाकतात, "मॅडम, टोचतंय म्हणून आत घातलं." कव्हरला कात्री लावून त्या बाहेर काढा. पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी असेल तर तिथे कडेने उघडं असलेलंच कव्हर हवं, नाहीतर पिशवी कव्हरच्या आत अडकेल.

मुलाला सासूबाईंच्या मांडीवर बसवू नका. चौदा किलोचं मूल ताशी ५० च्या धडकेत क्षणभर जवळपास दोनशे किलोच्या ओढीने हातातून सुटतं. ज्वारीची दोन पोती हवेत झेलण्यासारखं आहे ते, आणि सासूबाईंच्या मिठीत कितीही माया असली तरी तेवढी ताकद कुणाच्याच हातात नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी बेल्ट किंवा चाइल्ड सीट बंधनकारक आहे. गाडी चालवणाऱ्याला दंड होतो, तोही १००० रुपये.

तीन वर्षांच्या मुलाला पाच पट्ट्यांची चाइल्ड सीट लागते आणि तिची जागा मागेच, ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे डावीकडे. फुटपाथच्या बाजूने उतरवता येतं आणि तुम्हालाही मान थोडी वळवून दिसतं. मागच्या सीटच्या फटीत बोटं घालून चाचपा. दोन लोखंडी कड्या लागल्या तर त्या आयसोफिक्सच्या. चाइल्ड सीट त्यात अडकवा आणि वरचा पट्टा सीटच्या पाठीमागच्या हुकाला ताणून बांधा. हा वरचा पट्टा पुष्कळ लोक लोंबकळत ठेवतात. धडकेत मुलाचं डोकं पुढे झेपावतं ते तोच आवरतो. कड्या नसतील तर बेल्टने बांधायची सीट मिळते. बसवल्यावर बुडाशी धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळा. मुलाच्या खांद्यावरची पट्टी चिमटीत पकडता येऊ नये इतकी घट्ट. ही सीट पुढे, एअरबॅगसमोर लावायचा विचारही करू नका. त्यातून मागे तोंड करून बसवायची तान्ह्या बाळाची सीट तर कधीच नाही.

पहिले चार दिवस तो रडेल. माझा नातूही रडला. गाडी सुरू व्हायची ती बेल्ट लागल्यावरच, एवढं त्याला कळलं की स्वतःच "टक कर" म्हणतो.

कोकणात जाताना पुढे बसलेले यजमान सीट आडवी करून झोपतात का? किंवा डॅशबोर्डवर पाय ठेवतात? आडव्या सीटवर बेल्ट छातीपासून सुटून हवेत राहतो आणि धडकेत माणूस त्याच्या खालून घसरतो. डॅशबोर्डवर पाय असताना एअरबॅग फुगली तर गुडघे तोंडावर येतात. झोपायचं असेल तर पाठ थोडीच कलती करून, पाय खाली ठेवून झोपा.

राहिल्या सासूबाई. गुडघेदुखीच्या माणसाला मागे चढणं अवघड जातं ते आपण आधी एक पाय आत टाकायला लावतो म्हणून. अख्खं वजन दुखऱ्या गुडघ्यावर येतं. त्यांना पुढच्या डाव्या सीटवर बसवा, यजमान मागे मुलाशेजारी. ती सीट पार मागे सरकवा. सासूबाईंनी गाडीकडे पाठ करून उभं राहायचं, मागे हात लावून सीटवर बूड टेकायचं, आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळायचं. दाराचा आधार घेऊ देऊ नका, ते हलतं; वरचं हँडल धरायला सांगा. वळताना लुगडं कव्हरवर अडकत असेल तर बुडाखाली एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवा, भोवऱ्यासारख्या फिरतात. बसून झालं की ती पिशवी ओढून घ्या आणि सीट पुन्हा थोडी पुढे आणा, पण डॅशबोर्डपासून अंतर राहील इतपतच. मग बेल्ट. लुगड्याचा घोळ पट्टीखालून काढायचं काम तुम्हालाच करावं लागेल, त्यांना वाकून दिसत नाही.